लाकडाच्या पट्टीवरचं नाव

ओसाकाच्या त्या एका दिवसासाठी मी एक्सेलमध्ये तक्ता केला होता. अर्ध्या अर्ध्या तासाच्या ओळी, शेजारी ठिकाण, तिथं काय खायचं, कुठल्या रंगाच्या लाइनची मेट्रो पकडायची, आणि शेवटच्या रकान्यात पाऊस पडला तर काय करायचं. सिॲटलजवळच्या रेडमंडला राहणारा माणूस पाऊस धरूनच चालतो. सकाळी साडेआठपासून संध्याकाळी सातपर्यंत एकही ओळ रिकामी नव्हती. ते मी मुद्दाम केलं होतं. मोकळा वेळ मिळाला की माणसं बोलतात, आणि आमच्याकडे बोलायला एकच गोष्ट होती.

आम्ही तिघं होतो. मी, बायको आणि आई. आई नागपूरची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली. सप्टेंबरात ती आमच्याकडे आली ती सुनेच्या बाळंतपणासाठी. डिंक, खारीक, मेथ्या, बाळंतशेपा असं अर्धं किराणा दुकान तिनं सिॲटलच्या विमानतळावर कस्टमवाल्यासमोर उघडून दाखवलं आणि प्रत्येक पुडीचं नाव मराठीत सांगितलं. त्याच्या खाली झबली-टोपडी होती. बाळाच्या अंगाला नवं कापड टोचतं, पहिले कपडे जुन्याचे करायचे, म्हणून तिनं विहारात नेसायची आपली एक पांढरी सुती साडी फाडून ती शिवली होती. धुऊन धुऊन ती साडी सायीसारखी मऊ झाली होती.

ऑक्टोबरात, आठव्या महिन्यात, बाळाचं हृदय पोटातच थांबलं. मुलगा होता. का झालं ते कळलं नाही. पुष्कळदा कळत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या.

माझा स्वभाव असा, की संकट आलं की मी कामाला लागतो. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून मी फोन करत सुटलो. पाळणा परत केला. कारसीट परत केली. बायकोच्या मैत्रिणी तिच्यासाठी जो समारंभ करणार होत्या तो कॅन्सल केला. घरी जाऊन भिंतीवर चिकटवलेले कागदी हत्ती नखांनी खरवडून काढले. डायपरची खोकी डोनेशनमध्ये दिली. आईला म्हटलं, ती झबली-टोपडी कुठंतरी टाक, तिच्या नजरेला पडायला नकोत. तिसऱ्या दिवशी बायको घरी आली, तेव्हा बाळाच्या खोलीत पूर्वीसारखं माझं टेबल आणि दोन मॉनिटर होते. ती दारात उभी राहून बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, तिला हायसं वाटत असेल. मला तेव्हा शाबासकी हवी होती, हे आज लिहिताना लाज वाटते.

सातव्या दिवशी आईनं जलदानाचा विषय काढला. आमच्यात माणूस गेल्यावर जलदान करतात. ताटात वाटी ठेवायची, घरच्या सगळ्यांनी एकाच तांब्याला हात लावून तिच्यात पाण्याची धार धरायची, वाटी भरून पाणी ताटात सांडेपर्यंत. भन्तेजी, म्हणजे बौद्ध भिक्खू, तोवर गाथा म्हणतात आणि गेलेल्याचं नाव घेतात. श्राद्ध नाही, पिंड नाही, काही मागणं नाही. आमच्या ओळखीतलं बेलव्ह्यूचं एक नागपूरकडचंच जोडपं त्यासाठी यायला तयार होतं, त्यातल्या काकांना गाथा तोंडपाठ होत्या. मी स्वयंपाकघरात उभा राहून आईला म्हणालो, "ज्याचं नावच नाही, त्याचं जलदान कुणाच्या नावानं करायचं?"

फॉर्ममधला एखादा रकाना भरायचा राहिला आहे असं सांगावं, तसं मी ते म्हणालो. आईनं जलदानाचा विषय तिथंच सोडला. मागं वळून बघितलं तर बायको जिन्यावर उभी होती, हातात पाण्याची रिकामी बाटली घेऊन. ती खाली आली, बाटली भरून घेतली आणि वर गेली.

त्यानंतरचे चार महिने आमच्या घरात कुणी भांडलं नाही. बायको घरून काम करायची, मीटिंगमध्ये तिचा आवाज अगदी नेहमीसारखा यायचा. जेवायला बसली की दोन घास खाऊन उठायची. आई मुगाची खिचडी करी, कोथिंबिरीची सांबारवडी करी, सूनबाईला आवडते म्हणून पुण्याच्या पद्धतीची आमटी शिकून करी, आणि झाकून ठेवलेलं सगळं दुसऱ्या दिवशी मी डब्यात नेई. माझं वजन वाढलं. बाहेर पाऊस होताच.

फेब्रुवारीत आईच्या व्हिसाचे सहा महिने भरत आले. तेव्हा बायको म्हणाली की तीही आईबरोबर जाते, पुण्याला माहेरी राहते थोडे दिवस. परतीचं तिकीट कधीचं काढू, असं मी विचारलं. ती म्हणाली, "तू नको काढूस. मी बघीन."

मला त्याचा अर्थ कळला. मी निर्बुद्ध असलो तरी इतका नाही. ती परत येईल की नाही हे तिलाच ठाऊक नव्हतं, आणि ते विचारायची माझी छाती नव्हती. मग मी माझ्या परीनं जे करता येईल ते केलं. मीही दोन आठवड्यांची सुट्टी काढली आणि वाटेत ओसाकाला एका पूर्ण दिवसाचा मुक्काम बसवला. खाण्यापिण्याचं शहर म्हणून त्याची ख्याती. तिथं ती काहीतरी खाईल, दोन घटका हसेल, आणि पुण्याच्या विमानात बसताना मी तिला इतका वाईट वाटणार नाही, असा माझा हिशेब. आईला मात्र त्या शहरात एकच गोष्ट हवी होती. जपानचं एक फार जुनं बुद्धविहार तिथं आहे, ते. मी ते तक्त्यात दीड ते अडीच असं बसवलं.

सकाळी आम्ही बाजारात गेलो. वर छप्पर असलेली लांबच लांब गल्ली, दोन्ही बाजूंना मासळी, लोणच्यांची पिंपं, वाफा. आई पांढऱ्या साडीवर माझं जुनं जॅकेट, डोक्याला लोकरीची टोपी आणि पायात स्पोर्ट्स शूज अशा थाटात पुढं चालत होती. खांद्याला तिची कापडी पिशवी. ती पिशवी मी घेतो म्हटलं तर तिनं दिली नाही. विमानातही ती तिनं वर ठेवू दिली नव्हती. म्हाताऱ्या माणसांचं असतं एकेक, म्हणून मी नाद सोडला.

ऑक्टोपसचे गोळे तळहातावरच्या कागदी होडीत घालून देतात, त्या दुकानासमोर आई थांबली. बिडाचा तवा, त्याला वाट्यांसारखे खळगे, त्यात पीठ ओतायचं आणि लोखंडी काडीनं गोळा फिरवायचा. आई दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली की हे तर आपले आप्पे. मग तिनं एक गोळा तोंडात टाकला, आतल्या वाफेनं डोळ्यांत पाणी आलं, तरी चावत राहिली, आणि ऑक्टोपस बाकी रबरासारखा आहे पण चव वाईट नाही, असा शेरा दिला. बायकोनं एक गोळा अर्धा खाल्ला. उरलेला अर्धा माझ्या होडीत ठेवला. मी तक्त्यात पुढची ओळ बघितली.

पुढची ओळ कोबीच्या धिरड्याची होती. तापलेल्या लोखंडी पत्र्याभोवती आपण बसायचं आणि समोरच ते भाजून देतात. वर घातलेली सुक्या माशाची तासून काढलेली पातळ साल उष्णतेनं हलत राहते. आईला ती जिवंत वाटली, मग तिनंच हसून घेतलं. बायकोही जराशी हसली. मला इतका आनंद झाला की मी घाईघाईनं त्या साली कशानं हलतात याची माहिती सांगू लागलो, आणि ते हसू तिथंच संपलं. तिनं धिरड्याचा एक कोपरा तोडला आणि तो उलथन्यानं इकडून तिकडं सरकवत राहिली. मी मनात तिचे सकाळपासूनचे घास मोजत होतो. आठ घास. नाही, सात.

रस्त्यात कुठंही कचऱ्याचा डबा नव्हता. ज्यानं खाल्लं त्यानं आपला कचरा आपल्याबरोबर न्यायचा, अशी तिथली रीत. आईला ती फार पसंत पडली. शाळेत पोरांना तीस वर्षं तिनं हेच सांगितलं होतं म्हणे. तिनं आमच्या सगळ्यांच्या कागदी होड्या, काड्या, रुमाल घडी घालून एका प्लॅस्टिकच्या पिशवीत भरले, पण ती पिशवी आपल्या कापडी पिशवीत ठेवली नाही. हातात धरून चालली. मी पुन्हा म्हटलं, ठेव ना आत. ती म्हणाली, आत स्वच्छ सामान आहे.

दीडऐवजी एक वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही विहारात पोहोचलो.

आईनं दारातच हात जोडले, बूट काढू का म्हणून विचारलं, आणि कुणीच काढत नाही हे बघून जरा खट्टू झाली. आवार मोठं होतं. थंडी, खडीवर पावलांचा आवाज, मधोमध पाच मजली मनोरा. तळ्यात दोन-चार कासवं एकमेकांवर चढून ऊन खात होती. मुख्य मूर्तीपुढं आईनं तोंडातल्या तोंडात त्रिशरण-पंचशील म्हटलं, आम्हीही म्हटलं. लग्नानंतर बायकोनं आईकडूनच ते पाठ केलं होतं. तेवढा वेळ मला बरं वाटलं.

पण बाहेर आल्यावर आईची कुरकुर सुरू झाली. एका खिडकीत रंगीत ताईत विकायला ठेवले होते. परीक्षेत पास व्हायचा वेगळा, गाडीला अपघात होऊ नये म्हणून वेगळा. बुद्धाच्या दारात ताईत, म्हणून तिनं मान हलवली. मी म्हटलं, त्यांची पद्धत. ती म्हणाली, पद्धती सोडायलाच तर आपण बुद्धाकडे आलो. तिचं लहानपण बावीस प्रतिज्ञा म्हणत गेलेलं. मूर्तीला नैवेद्य, मूर्तीला कपडे, मूर्तीला झोपवणं-उठवणं, या सगळ्याचा तिला मनापासून तिटकारा आहे. आमच्या घरात तसबिरीला हारसुद्धा मोजून वर्षातून दोनदा.

म्हणून मागच्या बाजूला ते दिसलं तेव्हा ती चिडलीच. भिंतीलगत दगडाच्या लहान लहान मूर्ती ओळीनं मांडल्या होत्या. वीतभर, हातभर उंचीच्या. गोल टक्कल, मिटलेले डोळे, जोडलेले हात. आणि प्रत्येकीच्या गळ्यात लाल लाळेरं बांधलेलं, काहींच्या डोक्यावर विणलेली टोपडी. पुढ्यात भिरभिरी, दुधाचे छोटे डबे, एक खेळण्यातली मोटार.

"आता बुद्धाला झबलं-टोपडं घालून राहिले," आई म्हणाली. "बाळकृष्ण करून टाकला त्याचा. काहून करतात हे लोक असं?"

ती शाळेतल्या आवाजात बोलली होती. झाडत असलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं वर बघितलं. तिच्या कोटाला विहाराच्या स्वयंसेवकांचा बिल्ला होता. आम्हाला काहीतरी विचारायचं आहे असं समजून ती झाडू बाजूला ठेवून आली. मी ओशाळून फोन काढला आणि हे कोण, एवढंच विचारलं. ती तिच्या भाषेत सावकाश बोलली, फोननं ते इंग्रजी केलं, मी आईसाठी मराठी करायला तोंड उघडलं. हा बुद्ध नव्हे, हा एक बोधिसत्त्व आहे. जी बाळं आई-बापांच्या आधी जातात, काही तर जन्माच्याही आधी, त्यांची तो सोबत करतो. त्यांना थंडी वाजू नये म्हणून आया हे कपडे आणून बांधतात.

मी पहिलंच वाक्य मराठीत सांगितलं. पुढची वाक्यं मला सांगता येईनात. पण फोनचा आवाज मोठा होता, आणि आईला तेवढं इंग्रजी कळत होतं.

मी खिशातून तक्ता काढला. खरंच काढला. मी म्हणालो, आपल्याला उशीर होतोय, किल्ला पाचला बंद होतो. माझा आवाज मलाच परका वाटला. बायको जागची हलली नाही.

आईनं खांद्यावरची पिशवी खाली घेतली. त्या बाईला हात जोडले, बहुधा मघाच्या बोलण्याबद्दल, आणि खडीवरच मांडी घालून बसली. पिशवीतून औषधांचा डबा काढला, चष्म्याचं घर काढलं, आणि तळातून नागपूरच्या साडीच्या दुकानाची जुनी पिशवी काढली. तिच्यात ती झबली-टोपडी होती. तीन झबली, दोन टोपडी, इस्त्री केल्यासारखी घडी घातलेली.

मी म्हटलं, "आई, तुला टाक म्हटलं होतं."

"टाकवलं नाही," आई म्हणाली.

ती सुनेकडं बघत होती. बायको तिच्याजवळ खाली बसली, एक झबलं हातात घेतलं आणि नाकाशी धरलं. मग माझ्याकडं वळली. चार महिन्यांत पहिल्यांदा तिनं माझ्याकडं सरळ बघितलं असेल.

"मी हे घरभर शोधत होते," ती म्हणाली. "क्लोजेट, लाँड्री, गॅरेज. रोज, तू ऑफिसला गेलास की. मला वाटलं, तू डोनेट केलंस."

मी म्हणालो की मला वाटलं, तुला त्रास होईल.

"तुला वाटलं," ती म्हणाली. "अरे, एकदा विचारायचंस ना यार. एकदा. मला काहीतरी हवं होतं हातात धरायला. घरात त्याचं काही म्हणता काही ठेवलं नाहीस तू."

ती रडत नव्हती. मी रडायला लागलो. चार महिने मी एकदाही रडलो नव्हतो आणि ते मी धीराचं लक्षण समजत होतो. आईनं मला समजावलं नाही, पाठीवर हात फिरवला नाही. ती सुनेला विचारत होती, बांधायचं का, तू म्हणशील तर. आणि सुनेनं मान हलवली.

त्या म्हाताऱ्या बाईला काही सांगावं लागलं नाही. तिनं ओळीच्या टोकाची एक मूर्ती दाखवली, तिचं लाळेरं उन्हापावसानं विरून नुसत्या दोऱ्यांवर आलं होतं. बायकोनं तिच्यावर झबलं पांघरलं. बंद समोरून बांधायचे होते, थंडीनं तिची बोटं वळत नव्हती. मी पुढं झालो. एक बंद तिनं धरला, एक मी. बाळाला झबलं कसं बांधतात हे मी व्हिडिओ बघून शिकलो होतो, उन्हाळ्यात, एका बाहुलीवर. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मग त्या बाईनं आम्हाला शेजारच्या एका लहानशा इमारतीकडं नेलं. आत दगडी कुंडात पाणी पडत होतं. रांगेत उभ्या माणसांच्या हातात लाकडाच्या कागदासारख्या पातळ पट्ट्या होत्या. पट्टीवर गेलेल्याचं नाव लिहून घ्यायचं आणि बांबूच्या लांब दांडीच्या चिमट्यात धरून ती त्या पाण्यात सोडायची, असं तिथं करतात. आई उंबऱ्यापाशीच थांबली. तिच्या मनात काय चाललं आहे ते मला दिसत होतं. मेलेल्याच्या नावानं पाण्यात काही सोडायचं, म्हणजे श्राद्धच की. ते न करण्याची तिची प्रतिज्ञा. वडील गेले तेव्हा मोठे काका पिंड द्यायला गयेला जाऊ म्हणत होते, तर हिनं त्यांना दारातून परत पाठवलं होतं.

तिनं त्या बाईला माझ्यामार्फत विचारलं की हे करून काय मिळतं. बाईला प्रश्न कळायला वेळ लागला. मग तिनं फोनमध्ये सांगितलं की मिळत काही नाही, आपल्याला त्याची आठवण आहे एवढं होतं.

आईनं कुंडात पडणारी पाण्याची धार बघितली.

"हे जलदानच आहे," ती म्हणाली, आणि उंबरा ओलांडून आत आली.

खिडकीपाशी बसलेल्या माणसानं कोरी पट्टी पुढं घेतली, कुंचला उचलला आणि नाव विचारलं. फोनची गरजच नव्हती, त्याच्या भुवया विचारत होत्या. मी इंग्रजीत सांगायला लागलो की त्याचं नाव ठेवलेलं नव्हतं, नुसतं बाळ असं लिहिता येईल का.

"नाव आहे," बायको म्हणाली.

तिनं खुणेनं कुंचला मागितला. त्यानं दिला. ती पट्टीवर वाकली आणि सावकाश, देवनागरीत, तीन अक्षरं लिहिली. शाई लाकडात किंचित पसरली. तिनं पट्टी आधी आईला दाखवली, मग मला. माझ्या मुलाचं नाव मी ओसाकामध्ये, फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, पहिल्यांदा वाचलं.

मी विचारलं, कधी ठेवलंस.

"त्याच दिवशी. नर्सनं विचारलं, डू यू हॅव अ नेम. मी सांगितलं. तू खाली पार्किंगमध्ये फोनवर होतास. पेपर्सवर आहे ते. तू साइन केलेस ना सगळे पेपर्स? मला वाटलं, तू वाचलंस. मग सातव्या दिवशी तू किचनमध्ये ते बोललास."

तिला वाटत होतं की नाव वाचूनही मी तसं म्हणालो. चार महिने ती अशा माणसाबरोबर राहत होती.

"मी वाचले नव्हते," मी म्हणालो. ही सबब म्हणावी तर गुन्ह्याहून वाईट होती, पण खरं तेच होतं.

चिमट्याची दांडी लांब होती. तिघांच्या हातांना ती पुरली. पट्टी पाण्यावर टेकली, जरा तरंगली, मग भिजून कडेला गेली. आईनं हळू आवाजात गाथा म्हटली आणि शेवटी नातवाचं नाव घेतलं. ती ते नाव घेताना अडखळली नाही. मागं उभी असलेली जपानी माणसं आमचं होईपर्यंत शांत थांबली.

किल्ला राहिला. मिठाईची प्रसिद्ध गल्ली राहिली, दिव्यांची नदीकाठची कमान राहिली. विहाराच्या बाहेरच एक पाच-सहा बाकड्यांचं नूडल्सचं दुकान होतं, तक्त्यात नसलेलं. थंडी फार होती म्हणून आत शिरलो. जाड्या पांढऱ्या शेवया, गरम रस्सा, वर गोडसर तळलेल्या टोफूचा एक तुकडा. बायकोनं वाडगं दोन्ही हातांनी उचलून रस्सा प्यायला. मी मोजायचं नाही असं ठरवलं. वाडगं खाली ठेवलं तेव्हा ते रिकामं होतं, आणि आईनं आपल्यातला टोफू न विचारता तिच्या वाडग्यात घातला.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. आईला नागपूरला सोडलं. बायकोला पुण्याला सोडलं. दोन आठवडे मी दोन्हीकडं ये-जा केली आणि सगळ्यांशी चांगला वागलो. परतीच्या तिकिटाचं ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. त्या विहारात सगळं मिटलं असं मला वाटलं नव्हतं. ती मला तसं वाटू देतही नव्हती. निघताना दारात तिनं एवढंच म्हटलं, हॉस्पिटलची निळी फाइल काढ, दुसरं पान वाच.

रेडमंडच्या घरी मी एकटा आलो. चपला काढायच्या आधी फाइल काढली असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. मी तीन दिवस घाबरलो. कपडे धुतले, फ्रिज पुसला, गॅरेजमधले खोके नीट लावले. चौथ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसमधून आलो आणि बाळाच्या त्या खोलीत जमिनीवर बसून फाइल उघडली.

दुसऱ्या पानावर वरच ते होतं, इंग्रजी मोठ्या अक्षरांत, नर्सच्या नेटक्या हस्ताक्षरात. खाली आईचं नाव, वडिलांचं नाव. त्याच्या खाली माझी सही, घाईत केलेली, शेवटचं अक्षर रेघेबाहेर गेलेलं. सहीपुढं वेळ घातली होती, दहा चाळीस. दहा चाळीसला मी काय करत होतो ते मला लख्ख आठवलं. पाळण्याच्या कंपनीचा फोन होल्डवर होता आणि तो लागायच्या आत सह्या उरकायच्या होत्या.

तिकडं सकाळ झाली होती. मी तिला फोन लावला. तिनं उचलला. मी हॅलो म्हटलं नाही, कसं आहे विचारलं नाही. मी त्याचं नाव घेतलं. तोपर्यंत ते मी कधी तोंडातून काढलं नव्हतं, ओसाकामध्येसुद्धा नाही.

ती म्हणाली, "परत म्हण."

मी म्हटलं. ती म्हणाली, आणखी एकदा, मी आणखी एकदा म्हटलं. पुण्याच्या घरात मागं कुणीतरी कुकर लावत होतं. मग तिनं विचारलं की तिकडं पाऊस थांबला का. मी सांगितलं, नाही.

"बरं," ती म्हणाली. "माझा रेनकोट गॅरेजमध्ये आहे. देऊन टाकू नकोस."